पिवळे शब्द

रेडिओवर काम शिकायला आलेल्या प्रणालीला बोरकर मॅडमनी पहिला महिनाभर माइकजवळ बसू दिलं नाही. रोज तिच्याकडून एक बातमी लिहून घ्यायच्या आणि तिलाच मोठ्याने वाचायला लावायच्या. वाचताना जिथे दम लागेल तिथे पेन्सिलीने रेघ मारायच्या. रेघ वाक्याच्या मधे पडली की वाक्य पुन्हा लिहायचं. कागद वाचणारा मागची ओळ परत पाहू शकतो, ऐकणारा पाहू शकत नाही, हे त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. एका वाक्यात एकच आकडा. नाव आधी, हुद्दा नंतर. अवघड शब्द आला तर त्याच्या शेजारी सोपा.

दुसऱ्या महिन्यात संपादन सुरू झालं. बोरकर मॅडमची सगळी नोकरी सरकारी रेडिओत गेली होती. त्या काळी ध्वनिफीत ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडत. कापलेले तुकडे त्या गळ्यात अडकवून फिरायच्या आणि प्रत्येक तुकड्यावर बोलणाऱ्याचं नाव लिहायच्या, म्हणजे एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जायला नको. प्रणालीला हे ऐकून हसू यायचं. तिच्यापुढे पडदा होता आणि पडद्यावर आवाजाच्या लाटा होत्या. बोटाने लाट कापली की काम झालं.

हा पानओढा सामुदायिक रेडिओ. कोसमघाट गावात, बाजाराच्या मागे, दोन खोल्यांत चालायचा. त्याचा आवाज भोवतालच्या बेचाळीस गावांत आणि टोल्यांवर, म्हणजे पाड्यांवर, पोचे. दहा वर्षांपूर्वी असे रेडिओ बंद पडत चालले होते. मग फोनवर कुणाच्याही आवाजात काहीही ऐकू येऊ लागलं. तहसीलदारांच्या आवाजात खोटे हुकूम यायचे, परगावी गेलेल्या लेकाच्या आवाजात मदतीची हाक यायची. लोक फोनवरचं ऐकत, पण खरं मानत नसत. रेडिओवरची माणसं मात्र ओळखीची होती, बाजाराच्या दिवशी समोर भेटणारी होती. त्यामुळे रेडिओ पुन्हा घरोघरी लागायला लागला.

त्यात सगळ्यांत जास्त ऐकला जाणारा आवाज प्रणालीच्या आईचा होता. मैनाबाई नैताम, वय अठ्ठावन्न. दर मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला तिचा ‘रानातलं ताट’ हा कार्यक्रम लागायचा. कोणती भाजी कधी खुडायची, कोणतं फळ कसं सुकवायचं, काय अजिबात तोंडात घालायचं नाही, हे ती सांगायची. दोन वर्षं तिने एकही मंगळवार चुकवला नव्हता.

भाद्रपदात एका सकाळी भांडी घासताना ती खाली बसली आणि उठली नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला तासभर रक्त पोचलं नव्हतं. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी प्रणालीला समजावलं, की आईची समज शाबूत आहे. ती माणसं ओळखते, ऐकलेलं सगळं तिला कळतं. मनातल्या गोष्टीचा शब्द करून तो ओठांपर्यंत आणणारी जागा तेवढी दुखावली आहे. सरावाने काही शब्द येतील, पण किती आणि कधी, ते सांगता येणार नाही.

पौषापर्यंत मैनाबाईला पाच-पन्नास शब्द यायला लागले. तेही सुटे सुटे, मधे लांब खंड पडत. “पाणी.” “ऊन.” “नाई.” कधी अर्धं वाक्य यायचं आणि पुढचा शब्द सापडेना की ती डोळे मिटून घ्यायची.

तोवर रेडिओवर जुनेच भाग लागत होते आणि लोक विचारत होते, की बाई नवं काऊन नाही सांगत. त्याच सुमारास केंद्रात ‘सांधणी’ नावाचं नवं यंत्र आलं. केंद्राचे प्रमुख रामटेके सर त्याचं प्रशिक्षण घेऊन आले आणि त्यांनी प्रणालीला ते शिकवलं.

सांधणीचं काम दोन भागांत चाले. पहिला भाग आवाज शिकायचा. एखाद्याचं तासभराचं बोलणं दिलं, की गळ्याची पट्टी, नाकातला सूर, दोन शब्दांमधला श्वास, एवढंच नाही तर ज्या खोलीत तो बोलला तिथल्या पंख्याची घरघरसुद्धा ते उचलायचं. मैनाबाईचं दोन वर्षांचं बोलणं केंद्रात साठवलेलंच होतं. दुसरा भाग शब्द शोधायचा. त्याने लाखो माणसांचं बोलणं-लिहिणं वाचलेलं होतं. वाक्यात जिथे खंड पडेल तिथे अशा जागी लोक बहुतेक वेळा काय म्हणतात, ते पाहून तो शब्द बसवायचा. मग पहिला भाग तो शब्द त्या माणसाच्या आवाजात बोलायचा. पडद्यावर यंत्राचे शब्द पिवळे दिसत, माणसाचे पांढरे. कानाला मात्र सगळं सारखंच लागे.

प्रणालीने आईला विचारलं होतं. यंत्र काय करतं, ते सोप्या शब्दांत सांगितलं होतं. मैनाबाईने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. पहिला कार्यक्रम बोरकुटाचा, सुकवलेल्या बोरांच्या पुडीचा झाला, त्यात चौदा शब्द पिवळे होते. मंगळवारी आईला खाटेवर बसवून प्रणालीने रेडिओ लावला. आपलाच आवाज सलग, न अडखळता वाहताना ऐकून मैनाबाई हसली नाही. कार्यक्रम संपला तशी ती भिंत धरत धरत परसात निघून गेली. तिला भरून आलं असेल, असं प्रणालीला वाटलं. निदान तिने तसं धरलं.

बाई बरी झाली, असा गावभर बोलबाला झाला. बाया भेटायला यायला लागल्या. रेडिओवर घडाघडा बोलणारी मैनाबाई दारात आलेल्यांना नुसतं “ये” म्हणून गप्प बसायची. काही दिवसांनी कुणीतरी म्हणालं, की रेडिओवर बोलते आणि आपल्याशी बोलायला तोंड दुखतं. ते मैनाबाईच्या कानावर गेलं. तेव्हापासून ती ओट्यावर बसेनाशी झाली.

प्रणालीला हे दिसत होतं, पण दर आठवड्याला मंगळवार येत होता. चौथ्या-पाचव्या भागात पिवळे शब्द शंभरात पंचवीस झाले, आठव्यात चाळीसच्या पुढे गेले. एकदा बोरकर मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्याकडे पाहत त्यांनी शांतपणे विचारलं, “यात मैनाबाई कुठे आहेत?”

प्रणालीला राग आला. “ती माझी माय आहे, मॅडम. तिला काय म्हणायचं असतं ते मला कळतं. चुकीचा शब्द आला तर मी बदलते.”

मॅडम आपल्या टेबलाकडे निघून गेल्या. पण त्या दिवसापासून प्रणालीला झोपताना पडदा डोळ्यांपुढे दिसू लागला, त्यावर सगळ्याच ओळी पिवळ्या.

नववा भाग कडूकंदाचा होता. त्या वर्षी पाऊस दीड महिना आधीच थांबला होता, धान पोचट राहिलं होतं. फाल्गुन लागला तशी टोल्यांवरची माणसं कंद खणायला रानात जाऊ लागली. म्हाताऱ्यांना कंदाची रीत माहीत होती, पण तांदळावर वाढलेल्या पोरांना आणि सुनांना नव्हती. कडूकंदात विष असतं. तो सोलून, चकत्या करून, राख चोळून उकडायचा आणि मग टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायचा, काढल्यावर पुन्हा शिजवून खायचा. पाण्याने विष निघून जातं, पण त्याला पुरता वेळ द्यावा लागतो.

ध्वनिमुद्रण घरीच झालं. मैनाबाई खाटेवर, समोर कंद, बाजूला राखेचं भगुणं. प्रणाली खाली बसून आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत होती, कारण बाहेर कुणीतरी लाकडं फोडत होतं आणि ठोके आत येत होते. मैनाबाई थांबत थांबत बोलली. “राख... चोळ. उकड. वायत्या पाण्यात... राती...” मग बराच वेळ काही नाही. मग “मंग खाय.”

केंद्रात बसून प्रणालीने ते सांधणीला दिलं. खंडाच्या जागी पिवळे शब्द आले. वाक्य झालं, वाहत्या पाण्यात एक रात्र ठेवायचं आणि मग खायचं. वाक्य सोपं होतं, एका दमात वाचता येत होतं, आकडाही एकच होता. तिने ते ठेवलं.

मंगळवारी कार्यक्रम लागला, तेव्हा मैनाबाई घरी नव्हती. मावशी तिला तपासणीसाठी जिल्ह्याला घेऊन गेली होती. बुधवारी दुपारी साडेबाराला पुनर्प्रसारण होतं. प्रणाली जेवायला घरी आली होती आणि आत मैनाबाईच्या खाटेशी रेडिओ सुरू होता. ती ताट वाढत असताना आतून आवाज आला. मैनाबाई डाव्या हाताने खाटेच्या पाटीवर थापा मारत होती. “नाई. नाई. नाई.”

प्रणाली धावली. तिला वाटलं, पुन्हा झटका आला. आईचा चेहरा घामाने भिजला होता, पण डोळे स्वच्छ होते आणि ती तीन बोटं दाखवत होती. प्रणालीने विचारलं, तीन गोळ्या घ्यायच्या का. तीन वाजता कुणी येणार आहे का. मैनाबाईने तिचा हात झिडकारला. उठली, मुलीला दंडाला धरून माठापाशी ओढत नेलं, झाकण काढून हात पाण्यात बुडवला आणि ओली तीन बोटं तिच्या तोंडासमोर धरली.

“राती,” ती म्हणाली. “राती.”

लाकडं फोडण्याचे ठोके, तो काटा आणि मधला तो खंड प्रणालीला आठवला. आईने तेव्हा बोटं दाखवली असणार. तिने मान वर करून पाहिलंच नव्हतं.

ती तशीच केंद्राकडे पळाली. वाटेत मनाशी हिशेब चालला होता. काल संध्याकाळी ऐकलं आणि कंद घरात होता, तर रात्री पाण्यात ठेवला असेल. आज सकाळी काढला असेल. आता एक वाजत आला होता, जेवणाची वेळ.

सुरू असलेला गाण्यांचा कार्यक्रम थांबवून तिने स्वतः माइक घेतला. कालच्या कार्यक्रमात चूक झाली आहे, कडूकंद तीन रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचा, एका रात्रीचा कंद कुणीही खाऊ नये, ज्यांनी खाल्ला असेल त्यांनी लगेच दवाखाना गाठावा. हे तिने तीनदा सांगितलं. रामटेके सरांनी आरोग्य उपकेंद्राला आणि आशाताईंना फोन लावले. बोरकर मॅडम केंद्राच्या फोनपाशी बसल्या.

फोन येऊ लागले, पण प्रणालीला वाटलं होतं तसे नाहीत. खैरटोल्याच्या एका बाईने स्पष्टच विचारलं, की मैनाबाईनं सोता एक रात सांगितली, आता तू कोण तीन सांगणारी. दुसऱ्याने विचारलं, हा आवाज खरा कशावरून, रेडिओवरही आता बनवाबनवी सुरू झाली का. तिसऱ्या घरात कंद शिजत होता आणि ते म्हणत होते, की बाई म्हणेल तेव्हा उतरवू.

रामटेके सर प्रणालीजवळ येऊन बसले. त्यांच्या बहिणीचं घर खैरटोल्यातच होतं आणि तिचा फोन लागत नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले, “सांधणीवर मैनाबाईच्या आवाजात दुरुस्ती कर. दोन मिनिटांचं काम आहे. लोक तिचंच ऐकतात.”

प्रणालीने केलीही. पडद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत पिवळी ओळ उमटली. तिने ऐकून पाहिली. आई शांतपणे, न अडखळता सांगत होती, की काल माझ्याकडून चूक झाली, तीन रात्री ठेवा. शब्द बरोबर होते. बटणावर बोट ठेवून ती थांबली. काल याच आवाजाने एक सांगितली होती, आज तोच आवाज तीन सांगणार. दोन्ही सारखेच गुळगुळीत. ऐकणाऱ्याने यातला कोणता खरा मानायचा? आणि ज्याला भूक लागली आहे, तो कोणता मानेल?

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम फोन कानाला धरून कुणाला तरी विनवत होत्या, कंद चुलीवरून उतरवा म्हणून.

“सर,” प्रणाली म्हणाली, “मायला घेऊन या.”

सर मोटरसायकलवर गेले. मैनाबाई दाराशी उभीच होती. दहा मिनिटांत ते तिला घेऊन आले. सहा महिन्यांत ती पहिल्यांदाच त्या खोलीत येत होती. प्रणालीने तिला खुर्चीत बसवलं, माइक जवळ ओढला आणि थेट प्रसारण सुरू केलं.

आधी ती स्वतः बोलली. “मी प्रणाली नैताम. माझ्या माईला सहा महिन्यांपासून बोलता येत नाही. गेले नऊ आठवडे तुम्ही जे ऐकलं, त्यातलं बरंचसं यंत्राचं होतं. ते मी बसवलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. एक रात्र हे माईचे शब्द नाहीत. आता ती स्वतः बोलेल. तिला वेळ लागेल. तुम्ही थांबा.”

मैनाबाईने ओठ उघडले. “राती,” ती म्हणाली आणि पुढे काही येईना. तिने बोटं वर केली, मग ती कुणालाच दिसणार नाहीत हे तिच्या लक्षात आलं आणि हात खाली आला. माइकमधून पंख्याची घरघर तेवढी जात होती. काचेपलीकडे मॅडमनी फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला. वीस सेकंद गेले. मैनाबाईच्या कपाळावरची शीर उडत होती. “पाणी,” ती म्हणाली. “नाई. राती... नाई.” प्रणालीच्या जिभेवर तो शब्द होता. तिने तो दातांमागे दाबून ठेवला.

मग मैनाबाईने डावा हात टेबलावर ठेवला आणि कंद मोजावेत तशी बोटाने लाकडावर टिचकी मारली.

“एक,” ती म्हणाली. दुसरी टिचकी. “दोन.” तिसरी. “तीन.”

हात थांबला. पुन्हा पहिल्यापासून. एक, दोन, तीन. लहानपणी पाठ झालेली मोजणी मेंदूत वेगळ्या जागी असते, गाण्यासारखी. जिथे सुटा शब्द सापडत नाही, तिथे ती ओळीने चालत येते. हे डॉक्टरांनी प्रणालीला नंतर सांगितलं. त्या क्षणी मैनाबाईनेच ती वाट शोधली होती.

“तीन राती,” मैनाबाई म्हणाली. शब्द फाटका होता, अर्धा श्वासातच गेला. “तीन. मरते... नाई तं.”

दहा मिनिटांत तिने ते सात वेळा म्हटलं. मॅडमनी काचेपलीकडून हात वर केला, तेव्हा कुठे प्रणालीने माइक बंद केला. मॅडमनी रिसीव्हर जागेवर ठेवताच खैरटोल्याच्या त्या बाईचा फोन आला होता. ती म्हणाली होती, की आता समजलं, अशी बोलायची नक्कल कोण कशाले करन. तिने भगुणं ओतून दिलं होतं. संध्याकाळपर्यंत अकरा घरांचे असे निरोप आले. त्यात रामटेके सरांच्या बहिणीचं घर होतं.

बाराव्या घराचा निरोप आशाताईने दिला. जांभूळटोल्यावर पेंदाम यांच्याकडे रेडिओची बॅटरी उतरलेली होती. मंगळवारी सुनेने शेजारी बसून कार्यक्रम ऐकला आणि घरी आणून ठेवलेला कंद त्याच रात्री ओढ्यात ठेवला. बुधवारी बारा वाजताच तिघे जेवले होते. घशाची आग, उलट्या, मग असंबद्ध बडबड. मुलगा आणि सून तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन हिंडू-फिरू लागली. सासरे दसरू पेंदाम नऊ दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होते.

प्रणाली रोज तिथे जात होती. सून शुद्धीवर आली त्या दिवशी तिने तिला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. सून म्हणाली, “बाईचा आवाज होता म्हणून सासऱ्याले पहिलं ताट वाढलं.” एवढंच. नवव्या दिवशी दसरू काठी धरून घरी गेले. त्यांची नजर पूर्वीसारखी राहिली नव्हती, दिवसाही त्यांना माणसं धूसर दिसत.

चौकशी झाली. रामटेके सरांनी यंत्र आपण आणलं हे लिहून दिलं, प्रणालीने शब्द आपण ठेवले हे लिहून दिलं. दोन महिने तिला प्रसारणापासून दूर ठेवलं गेलं. केंद्रात सांधणी फक्त पंख्याचा आणि वाऱ्याचा आवाज काढायला वापरायची, असं ठरलं. नऊच्या नऊ भाग साठ्यातून काढून टाकावेत, असं समितीचं म्हणणं होतं. बोरकर मॅडमनी त्याला हरकत घेतली. काढू नका, म्हणाल्या, हिलाच ते दुरुस्त करू द्या. मैनाबाईंच्या शेजारी बसून.

म्हणून वैशाखातल्या सकाळी दोघी मायलेकी केंद्रातल्या मागच्या खोलीत बसू लागल्या. प्रणाली एकेक वाक्य ऐकवायची. आपलं नसेल तिथे मैनाबाई डावा हात वर करायची आणि प्रणाली तेवढं कापायची. काही पिवळे शब्द मैनाबाईने राहू दिले, मान हलवून. बरेचसे काढायला लावले. कापून उरलेले भाग लहान आणि खडबडीत झाले होते, मधे मोठमोठे खंड होते. ऐकताना जीव टांगणीला लागायचा.

सहाव्या भागात शेवटी एक वाक्य होतं. मोहाची फुलं वेचण्याबद्दल सांगून झाल्यावर मैनाबाई म्हणत होती, “माझी पोरगी माझ्या मनातलं सगळं ओळखते, म्हणूनच मी तुमच्याशी बोलू शकते.” लोकांना ते फार आवडलं होतं. त्यावर कितीतरी फोन आले होते. प्रणालीने ते एकटीने किती वेळा ऐकलं होतं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पडद्यावर ‘माझी पोरगी’ हे दोन शब्द पांढरे होते. पुढचं सगळं पिवळं होतं.

तिने ते वाक्य लावलं आणि आईकडे न पाहता खिडकीकडे पाहत राहिली. मग तिला पाहावंच लागलं.

मैनाबाईचा हात वर होता.

प्रणालीने ते कापलं. दोन शब्द राहिले आणि त्यांच्यापुढे चार सेकंदांचा खंड. तो तिने जसाच्या तसा ठेवला. मग खुर्ची वळवून ती आईसमोर बसली आणि विचारलं, “तुला काय म्हणायचं होतं, माय?”

मैनाबाईने डोळे मिटले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. प्रणालीला दोन-तीन शब्द सुचले. तिने एकही पुरवला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती आईच्या तोंडाकडे पाहत बसून राहिली.